डोळ्याचे मेगापिक्सेल, अकलेचे तीनतेरा

माणसाचा डोळा ५७६ मेगापिक्सेलचा असतो. हे वाक्य तुमच्या कानावर अजून पडलं नसेल तर तुमच्या घरी व्हॉट्सॲप नाही, आणि मला तुमचा हेवा वाटतो. बाकी सगळ्यांना हे ठाऊक आहे. मामेसासऱ्यांना आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना आहे, मोबाइलच्या दुकानातल्या पोराला आहे. तिकीट लावून 'तुमच्यात अमर्याद शक्ती आहे' असं ओरडणाऱ्या प्रेरणादायी वक्त्याला तर ते मुखोद्गतच आहे. "देवानं ५७६ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे फुकट दिलेत, आणि तुम्ही ५० मेगापिक्सेलच्या फोनसाठी हप्ते भरता!" टाळ्या. मग हे गृहस्थ खिशातून फोन काढून श्रोत्यांसह सेल्फी घेतात. फुकटातले दोन टक्क उघडे असताना.

बरं, ५७६च का? साडेपाचशे का नाही, सहाशे का नाही? असं विचारणारा माणूस आपल्याकडे नतद्रष्ट ठरतो. गोल आकडा असला की थापेचा वास येतो. आकडा असा वेडावाकडा असला की लगेच पांढरा कोट घातलेला कुणीतरी नळी डोळ्याला लावून एकेक पिक्सेल मोजत बसलाय असं चित्र उभं राहतं. आणि तो नासाचा असतो. आपल्याकडे फॉरवर्ड होणारं सगळं नासानंच मोजलेलं असतं.

तर ऐका. हा आकडा रॉजर क्लार्क नावाच्या अमेरिकन ग्रहशास्त्रज्ञाचा. गृहस्थ छायाचित्रकारही आहे, आणि त्याचा प्रश्न अगदी शहाणा होता. समोर एक अवाढव्य चित्र ठेवलं आणि त्यावर डोळा हवा तसा फिरू दिला, तर कुठेही ठिपके दिसू नयेत म्हणून त्या चित्रात किती ठिपके लागतील? पंचांगवाल्यांना ठाऊक आहेच, एका अंशाच्या साठ कला. क्लार्कनं एक ठिपका धरला ०.३ कलेचा आणि चित्राचा पसारा धरला आडवा १२० अंश, उभा १२० अंश. १२० गुणिले ६०, भागिले ०.३. उत्तर २४,०००. त्याचा वर्ग ५७ कोटी ६० लाख. झालं! पाचवीचं गणित. यात डोळा कुणी उघडलाही नाही, फाडलाही नाही.

आता गंमत बघा. चित्र १२० ऐवजी ९० अंशांचं धरा, आकडा ३२४ वर येतो. ठिपका ०.३ ऐवजी एका कलेचा धरा, म्हणजे नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ म्हणून पाठ थोपटतो त्या नजरेचा, तर १२० अंशांतसुद्धा उत्तर येतं जेमतेम ५२ मेगापिक्सेल. म्हणजे ईश्वराची अगाध लीला एका फटक्यात मध्यम किमतीच्या फोनवर आली. हप्ते भरणारा श्रोता इतका काही बावळट नव्हता म्हणायचा.

यात क्लार्कचा दोष नाही बरं का. त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय की कुठल्याही एका क्षणी इतके ठिपके आपल्याला दिसत नाहीत. डोळा फिरतो, आणि मेंदू गोळाबेरीज करतो. पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे वाक्य कापलं. साहजिक आहे. या वाक्यानंतर टाळ्या पडत नाहीत.

एका क्षणी किती दिसतं, तेही क्लार्कच्याच मापानं काढू. हात लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. लखलखीत, रेघारेघांसकट, अक्षर वाचता येईल इतकं स्वच्छ जे दिसतं, ते साधारण तेवढंच: दोनेक अंश. ते दृष्टिपटलाच्या मधल्या इवल्याशा खळग्याचं काम. त्याच्या बाहेर नजर झपाट्यानं मंदावते. दोन अंश म्हणजे १२० कला, भागिले ०.३, बरोबर ४००. चारशे गुणिले चारशे म्हणजे एक लाख साठ हजार. मेगापिक्सेलमध्ये? ०.१६. हा तुमचा दैवी कॅमेरा. पंधरा वर्षांपूर्वीच्या बटणांच्या फोननंसुद्धा इतका नीचांक दाखवला नसता.

पटत नसेल तर याच ओळीतल्या मधल्या शब्दावर नजर खिळवा आणि ती जराही न हलवता चार ओळी खालचं वाचून दाखवा. नाही ना जमत? पण पान तर सगळं 'दिसतंय'. हीच तर फसवणूक आहे, आणि तिचा सूत्रधार कवटीत बसलाय. डोळा म्हणजे अंधाऱ्या गोदामात बारीक बॅटरी घेऊन फिरणारा रखवालदार. सेकंदाला तीनेक ठिकाणी उजेड मारतो आणि सकाळी मालकाला सांगतो, सगळं गोदाम रात्रभर डोळ्यांसमोर होतं साहेब. मालक विश्वास ठेवतो. मालक म्हणजे आपण. या उड्यांच्या मधल्या वेळेत चित्र धूसर होतं, ते मेंदू गुपचूप गिळून टाकतो. आरशासमोर उभे राहा, आधी आपला डावा डोळा बघा, मग उजवा. स्वतःचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला दिसतील, आणि तो तुम्हाला वेड्यात काढेल, पण विज्ञानासाठी इतकं सोसायला हवं.

आता मालाचा साठा तपासू. पाठ्यपुस्तकी हिशोबात एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. रंग आणि बारकावा शंकूंचा, अंधार दंडांचा. एकूण साडेबारा कोटींच्या आसपास. आणि पिक्सेल किती? ५७ कोटी ६० लाख. दोन्ही डोळे मिळूनसुद्धा पंचवीस कोटींच्या फारसं वर जात नाही. उरलेले बत्तीस कोटी कुठून आले? श्रद्धेतून. आणि हेही सगळं मेंदूपर्यंत जात नाही, कारण डोळ्यातून बाहेर पडणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात दहा ते बारा लाख. म्हणजे जाग्यावरच छाटणी. कडा कुठे आहेत, फरक कुठे आहे, काय हललं, एवढंच वर कळवायचं. सपाट भिंतीचा तपशील कोण पाठवतो? मेगापिक्सेलवाल्यांनी ही एक गोष्ट समजून घेतली असती तरी पुष्कळ होतं: डोळा फोटो काढतच नाही. तो बातमी पाठवतो. बातमीचे पिक्सेल मोजायचे तर मग अग्रलेखाचं वजन किलोत करा.

'परिपूर्ण रचना' हा या मंडळींचा दुसरा लाडका शब्द. या परिपूर्ण रचनेत प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात मागे बसवल्यात, आणि त्यांच्यापुढे चेतापेशींचे थर आणि रक्तवाहिन्यांचं जाळं. प्रकाशानं त्यातून वाट काढत यायचं. तारा पुढे असल्यामुळे त्या बाहेर काढायला पडद्यालाच भोक पाडावं लागलं, आणि त्या भोकापाशी काही म्हणजे काही दिसत नाही. हा अंधबिंदू. फ्रान्सच्या मारिओतनं तो सतराव्या शतकात शोधला. त्याआधी हजारो वर्षं प्रत्येक माणूस तो डोळ्यात घेऊन हिंडत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तुम्हीही बघा. डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे शेजारी उभे धरा. नजर डाव्या अंगठ्यावर खिळलेली, आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे. वीतभराच्या जरा अलीकडे त्याचं टोक गायब. तिथे काळा डाग दिसतो का? छे! भिंत दिसते. जी भिंत तुम्हाला तिथे दिसूच शकत नाही, ती मेंदूनं रंगवून दिली. ऑक्टोपसच्या डोळ्यात हा घोळ नाही. त्याच्या तारा मागून निघतात. म्हणजे परिपूर्ण रचनेचा पुरस्कार द्यायचाच असेल तर तो आठ हातांनी स्वीकारला जाईल.

हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकातच बोलून ठेवलं होतं की चष्मेवाल्यानं इतके दोष असलेलं उपकरण मला विकलं असतं तर मी चार खडे बोल सुनावून ते परत केलं असतं. हा माणूस डोळ्याचा शत्रू नव्हता. डोळ्याच्या आत डोकावायचं यंत्र त्यानंच १८५१ साली जगापुढे ठेवलं. पुढे त्यानं हेही सांगितलं की दोष असूनही काम उत्तम चालतं. पण दोष मोजायला आधी डोळ्यात बघावं लागतं. आपले लोक फोनमध्ये बघतात.

आता तुम्हाला वाटेल, मी कॅमेऱ्याच्या बाजूचा. कॅमेरेवाल्यांना इतक्यात पेढे वाटायचं कारण नाही. डोळ्याच्या भाटांपेक्षा हे जास्त निर्ढावलेले आहेत, कारण यांना सगळं माहीत असतं.

दुकानात फोन घ्यायला जा. पोरगा पहिलं वाक्य टाकतो, "सर, २०० मेगापिक्सेल आहे." जणू २०० मेगापिक्सेल ही एक शारीरिक अवस्था आहे. त्या फोननं साधा फोटो काढा आणि फोटोचे पिक्सेल मोजा. साडेबारा मेगापिक्सेल! सोळा-सोळा पिक्सेलांची मोट बांधून एकेक केलेला असतो. का? कारण सुटा पिक्सेल कुचकामी असतो. त्याची रुंदी ०.६ मायक्रॉन, आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन. म्हणजे पिक्सेल प्रकाशाच्या लाटेएवढा केला! आता प्रकाशाला विवर्तन नावाची खोड आहे. भिंग कितीही निर्दोष असो, प्रकाशाचा बिंदू पडद्यावर बिंदू म्हणून पडत नाही, त्याची टिकली होते. फोनच्या मोठ्या भोकाच्या भिंगातसुद्धा ती दोन मायक्रॉनच्या वर जाते, म्हणजे दहाएक पिक्सेलांवर पसरते. दहा जणांनी एकच उत्तर लिहायचं आणि कंपनीनं दहा विद्वान मोजायचे. आमच्या वेळी याला कॉपी म्हणत.

ही भानगड आजची नाही. ब्राइस बायर या कोडॅकच्या माणसानं १९७६ साली पेटंट मिळवलेली एक जाळी आहे. जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात ती किंवा तिचं भावंड बसलेलं असतं. पिक्सेल स्वतः रंगांधळा. म्हणून दर चार पिक्सेलांपैकी दोघांवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी काच. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच रंग ठाऊक. बाकीचे दोन? शेजाऱ्यांना विचारून अंदाजानं भरायचे. तुमच्या लग्नाच्या अल्बममधल्या रंगांची दोन तृतीयांश माहिती ही अशी शेजारीपाजारी चौकशी करून आणलेली आहे. लग्नाच्या बाबतीत ही पद्धत आपल्याला नवीन नाही, हे खरं.

बरं, काढलात खरोखर २०० मेगापिक्सेलचा फोटो. बघणार कशावर? १०८० गुणिले २४०० ठिपक्यांच्या पडद्यावर. सव्वीस लाख. अडीच मेगापिक्सेलच्या खिडकीतून दोनशे मेगापिक्सेल बघायचे. आणि मग तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, जे त्याला पिळून चिंधी करून पुढे पाठवतं. कुठे? फॅमिली ग्रुपवर. मामेसासऱ्यांकडे.

कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसननं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्यात शंभर गुणिले शंभर ठिपके होते. दहा हजार. एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. त्या खोक्यात निदान दहा हजार म्हणजे दहा हजार होते.

पण खरी करमणूक याच्या पुढे आहे. मेगापिक्सेलनं डोळ्याला हरवता येत नाही हे कळल्यावर फोनवाल्यांनी वेगळा रस्ता धरला. ते डोळ्याची लबाडी शिकले. रात्रीचा फोटो काढताना तुम्ही बटण एकदा दाबता, पण फोन धडाधड अनेक चित्रं टिपतो, जुळवतो, गाळतो, उजळतो आणि कधीच अस्तित्वात नसलेला एक क्षण तुमच्या हातात ठेवतो. २०२३ साली एका पठ्ठ्यानं चंद्राचा फोटो मुद्दाम बोळा फिरवल्यासारखा धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि एका नामांकित कंपनीच्या फोननं लांबून त्याचा फोटो काढला. आलेल्या फोटोत चंद्रावर विवरं! मूळ चित्रात नसलेली! कंपनीचं स्पष्टीकरण आलं की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धीनं तपशील खुलवतो. केवढा गदारोळ झाला. फसवणूक, फसवणूक! अहो, मघाशी तुमच्या अंगठ्याच्या जागी भिंत कुणी रंगवली? तेव्हा नाही कुणी ग्राहक मंचात गेला.

म्हणजे ही सगळी तुलना कशाची चाललीय ते बघा. एक थापाड्या लाखो वर्षांचा मुरलेला, दुसरा पंचवीस-तीस वर्षांचा उमेदवार. आणि आपण दोघांपैकी कोण खरं बोलतो हे न विचारता दोघांची उंची मोजतोय. तीही चुकीच्या फुटपट्टीनं.

कॅमेरा डोळ्याला हरवतो तो भलत्याच आखाड्यात. १४ नोव्हेंबर १९९२, डर्बन. तिसऱ्या पंचानं टीव्हीवर बघून धावबाद दिलेला जगातला पहिला कसोटी फलंदाज म्हणजे आपला सचिन. मैदानावरच्या पंचाचे डोळे घटनेपासून काही पावलांवर, आणि वक्त्याच्या हिशोबानं ५७६ मेगापिक्सेलचे. टीव्हीचं चित्र त्या काळातलं, आजच्या मापात फार तर चार लाख ठिपक्यांचं. तरी निकाल टीव्हीनं दिला. कारण टीव्ही थांबवता येतो. मागे नेता येतो. डोळ्याला 'पुन्हा दाखव' म्हणायची सोय नाही, आणि विचारलंच तर तो आत्मविश्वासानं भलतंच दाखवतो. कोर्टातल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची उलटतपासणी ज्यांनी ऐकलीय त्यांना मी काय सांगावं.

हे दादासाहेब फाळक्यांना शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं. सिनेमाला भांडवल कोण देणार, तर त्यांनी १९१२ साली घरात एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज त्याचं थोडंथोडं चित्रण केलं. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात. वाटाणा उगवताना बघायला मेगापिक्सेल लागत नाहीत. धीर लागतो, आणि तो डोळ्याकडे नसतो. त्या सुमारास सिनेमे बघूनबघून आणि जागरणं करून फाळक्यांची स्वतःची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी परत आली. कॅमेरा आणि डोळा यांतला फरक या माणसानं दोन्ही टोकांनी भोगला होता. आमचे वक्ते मात्र 'डोळा २४ फ्रेमनं बघतो' म्हणून सांगतात. डोळ्यात फ्रेम नसतात हो. २४ हा बोलपटांच्या जमान्यात ठरलेला फिल्मचा वेग. आणि तेवढ्यानं पडदा लुकलुकतो म्हणून प्रोजेक्टर प्रत्येक चित्र दोन-तीनदा चमकवत असे. पण जाऊ दे.

एक प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली: काही मुलं चेंडू फेकताहेत, पांढऱ्या सदऱ्यातल्यांनी किती वेळा फेकला ते मोजा. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस येतं, मधोमध उभं राहून छाती बडवतं आणि निघून जातं. सुमारे निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. डोळ्यात प्रकाश शिरला होता, दृष्टिपटलावर चित्र उमटलं होतं, पिक्सेल काय हवे तितके होते. आकडे मोजण्यात गुंतल्यामुळे समोरचं जनावर दिसलं नाही, इतकंच. मेगापिक्सेल मोजणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही. करणार नाहीत म्हणा.

आणि ज्याचा खरोखर गर्व करावा ते कुणी फॉरवर्ड करत नाही. दंडपेशी प्रकाशाच्या एकेका कणाला प्रतिसाद देते. हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ साली दाखवलं की पूर्ण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मूठभर कणांचा मिणमिणाटसुद्धा कळतो. तोच डोळा भर दुपारी वाळवंटातही काम करतो. बॅटरी नाही, पंखा नाही. अट एकच: अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं द्यावी लागतात. शहराबाहेर आकाशदर्शनाच्या सहली निघतात तिथे जाऊन बघा ही अट कोण पाळतं. गाडीतून उतरल्या उतरल्या प्रत्येकाचा फोन चेहऱ्यावर उजेड मारतो, चार मिनिटांत पुन्हा, मग रील, मग 'रेंज आहे का रे?' सरावत आलेल्या दंडपेशी दर वेळी पुन्हा शून्यावर. मग मंडळी मान वर करतात आणि भडकतात: आकाशगंगा कुठाय? जाहिरातीत तर जांभळी, गुलाबी होती! आता त्या फोटोसाठी कॅमेऱ्याचा पडदा कितीतरी सेकंद उघडा होता, आणि दंडपेशींना रंग दिसत नाहीत म्हणून खरी आकाशगंगा राखाडीच दिसते, हे बिचारा आयोजक ओरडून सांगतो. कुणी ऐकत नाही. अर्धे पैसे परत मागतात. पुढच्या अमावस्येला तो, माझा अंदाज, माळावर पांढरी चादर बांधून प्रोजेक्टर लावेल, आणि त्या सहलीला वेटिंग लिस्ट असेल.